टिसिंग्टनच्या विहिरी सजवायला हात हवेत

सप्रेम नमस्कार मंडळी,

इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या अ‍ॅशबर्नच्या उत्तरेला टिसिंग्टन हे छोटंसं गाव आहे. टेकडीवर जुनं चर्च, 1609 साली बांधलेला फिट्झहर्बर्ट घराण्याचा वाडा, बदकांचं तळं आणि चुनखडी दगडाची मोजकी घरं. दरवर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, म्हणजे ईस्टरपासून 40व्या दिवशी, इथल्या सहा विहिरींवर पाकळ्यांनी जडवलेली मोठाली चित्रं उभी राहतात. ती बघायला आपल्यातले बरेच जण जातात. यंदा आपल्या मराठी मंडळाने ठरवलं आहे की करायलाही जायचं. त्यासाठी हे आवाहन.

विहीर म्हटल्यावर पायऱ्यांची खोल विहीर डोळ्यांसमोर आणू नका. जमिनीतून येणाऱ्या झऱ्याला दगडी बांधकाम करून पाणी अडवलेलं असतं. एकीचा आकार शवपेटीसारखा म्हणून तिचं नाव कॉफिन वेल. चुनखडीच्या या पठारावर पडलेला पाऊस खडकात झिरपून जातो, वर पाणी टिकत नाही. म्हणून बारमाही झऱ्याचं मोल गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. 1348-49 च्या प्लेगमधून गाव वाचलं ते या शुद्ध पाण्यामुळे, अशी एक आख्यायिका. दुसरी 1615 च्या दुष्काळाची: आजूबाजूला सगळं आटलं, टिसिंग्टनचं पाणी मात्र आटलं नाही. कोणती खरी, हा वाद इतिहासकारांनी घालावा. गाव आजही पाण्याचे आभार मानतं, आणि आम्हाला तेवढं पुरेसं वाटतं.

आता कामाविषयी. लाकडी चौकटी आधी काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात, म्हणजे लाकूड मातीतला ओलावा शोषून घेत नाही. चौकटीतल्या फळीभर खिळे ठोकलेले असतात, माती धरून ठेवायला. माती मीठ-पाणी घालून पायांनी तुडवायची, खडा लागला तर काढायचा, मग फळीवर बोटभर जाडीचा थर द्यायचा. चित्राचा कागद त्यावर पसरून रेषा टोचून उमटवायच्या. त्या रेषांवर आल्डरच्या झाडाची काळी बोंडं किंवा कॉफीच्या बिया बसवायच्या. आतल्या भागात शेवाळ, दगडफूल, झाडाची साल, पानं, आणि सर्वांत शेवटी पाकळ्या.

पाकळी लावण्याची एक शिस्त आहे. खालून सुरुवात करून वर जायचं, प्रत्येक पाकळी खालच्या पाकळीवर थोडी चढवायची, कौलं शाकारतात तशी. पाऊस आला की पाणी ओघळून जातं, मातीत शिरत नाही. निळ्या आकाशासाठी हायड्रेंजियाच्या पाकळ्या लागतात, आणि हातभर आकाश भरायला एका माणसाचे तासन्‌तास जातात. पाकळ्या फार आधी लावून चालत नाही, कोमेजतात. त्यामुळे हे सगळं शेवटच्या दोन-तीन दिवसांत, रात्री उशिरापर्यंत जागून करावं लागतं. एवढ्याशा गावाला हात कमी पडतात ते तिथेच.

डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर, शेफील्ड या शहरांना याच डोंगराळ भागातल्या, म्हणजे पीक डिस्ट्रिक्टमधल्या, धरणांचं पाणी मिळत आलं आहे. लेडीबाउअर धरणासाठी डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं पाण्याखाली गेली. धरणात गाव जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. या डोंगरांचं पाणी आपण रोज पितो, तर इथल्या पाण्याच्या सणाला आपली दोन बोटं लागावीत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मे महिन्याच्या सुमारास अनेकांचे आई-बाबा भारतातून आलेले असतात. त्यांना जरूर आणा. हार-गजरे करून सरावलेल्या बोटांना हे काम लगेच साधेल, आणि ते बसूनही करता येतं. मुलांना पाकळ्या खुडून रंगांप्रमाणे वेगळ्या करायला देऊ. माती गार असते, बोटं गारठतात, तेव्हा गरम कपडे आणि हात पुसायला जुना पंचा बरोबर असू द्या. टिकल्या, चमकी, रंग, प्लास्टिक असलं काही आणू नका. चित्र काय असावं हे गाव ठरवतं. आपण मदतीला जातो आहोत, सूचना करायला नाही.

ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी बागेतली फुलं द्यावीत. हायड्रेंजियाची मागच्या वर्षीची वाळलेली फुलंही चालतील. ताजी फुलं आदल्या संध्याकाळी देठासकट कापून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. मिनीबसचं भाडं आणि कमी पडतील ती फुलं यांसाठी घरटी 10 पौंड मिळाले तर खर्च भागेल. जास्त जमले तर उरलेली रक्कम गावाच्या सजावटीसाठी देऊ.

गुरुवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर मिरवणुकीने एकेका विहिरीपाशी जाऊन आशीर्वाद दिला जातो. त्यालाही थांबायचं असेल तर सुट्टी आत्ताच टाका. रजा नसेल तर पुढच्या बुधवारपर्यंत चित्रं बघता येतात.

नावं ईस्टरच्या आधी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर द्या. कोणत्या दिवशी येणार, मिनीबसमध्ये किती जागा हव्यात आणि कोणत्या रंगाची फुलं आणणार, एवढं लिहिलं की पुरे.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते