चतुर्थीच्या आरत्यांचा सराव : घुमट वाजवणाऱ्यांसाठी सूचना

आरती मंडळाच्या सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, चतुर्थीच्या आरत्यांचा सराव येत्या रविवारी सायंकाळी ४ वाजता देवळाच्या सभामंडपात सुरू होईल. घुमट (कातड्याने मढवलेले मातीचे तालवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) व कासाळे (मोठ्या झांजा) वाजवणाऱ्यांनी आपापले वाद्य घेऊन यावे. मातीचे घुमट कापडात नीट गुंडाळून आणावे.

घोरपडीच्या कातड्याने मढवलेले घुमट कोणीही आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार या प्राण्यास संरक्षण आहे, आणि शेळीच्या कातड्याचा नाद जुन्या वादकांना निराळा वाटला तरी, २०१९ मध्ये गोवा राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झालेले घुमट मुलांच्या हाती निर्धास्तपणे सोपवण्यासाठी शेळीचे कातडे वापरणे हाच योग्य मार्ग आहे.

शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींना अवश्य सोबत आणावे. त्यांच्यासाठी पहिला अर्धा तास राखून ठेवला आहे.

– कार्यवाह