एका ट्यूनरपायी

प्रिय पंत,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, परवाच्या कार्यक्रमात माझ्या बेस गिटारची पाचवी, सगळ्यात जाड बीची तार अर्ध्या स्वराने चढलेली होती आणि हे मला पहिल्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत कळले नाही. आठ महिने तुला एक अक्षर लिहिले नाही याची लाज वाटते, पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगितली तर तो "मग काय झाले?" असे विचारील आणि तू विचारणार नाहीस, म्हणून आज बसलो आहे. प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून बोलतो.

झाले असे. मास्तरचे प्रास्ताविक चालू होते, म्हणजे निवांत तारा जुळवण्याइतका वेळ होता. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला, तो स्वर दाखवणारा क्लिपवाला ट्यूनर चिमटलेला होता आणि शेजारी लंबू, त्याच्या सवयीप्रमाणे, भाषणाखालीच पायाने वाजवायचा किक ड्रम चाचपत होता. हा ट्यूनर लाकडाची थरथर वाचतो, तेव्हा सगळा मंच हादरत असताना त्याची काय अवस्था झाली असेल ते तूच बघ. मी मोकळी बी छेडली आणि त्याने एफ शार्प दाखवला. आता घरी बसून पाहता कारण उघड आहे: बीची कंपनसंख्या ३०.८७ हर्ट्झ आणि तिची तिप्पट ९२.६, म्हणजे नेमका एफ शार्प. जाड तारेचा मूळ स्वर अशा यंत्रापर्यंत दुबळा पोहोचतो आणि वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपनाच्या दुपटी-तिपटीचे स्वर, दणकट, म्हणून त्याने तिसरा हार्मोनिकच खरा मानला. त्या वेळी मात्र मी घाबरून खुंटी पिळली, तार बोटाला कडक लागली म्हणून थांबलो, आणि तेवढ्यात लंबूने चार मोजले. तिसऱ्या ओळीत खालचा डी आला. मी पाचव्या तारेचे तिसरे फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी) दाबले आणि तेथून अर्धा स्वर वरचा ई फ्लॅट बाहेर पडला. श्रोत्यांना सूर चुकल्याचे कळले नसावे, त्यांच्या पोटात फक्त काहीतरी हलले असेल. मास्तरने मागे वळून रागाने लंबूकडे पाहिले, जे इतक्या वर्षांत बदललेले नाही.

पूर्वी ही वेळ येत नसे, कारण तुझा उजवा पाय होता. एकदा आपटला तर तार वर घ्यायची, दोनदा आपटला तर खाली, आणि गप्प राहिला तर सुरू करायचे. तू बिनबॅटरीचा ट्यूनर होतास; दोष एवढाच की तुला बंद करण्याचे बटण नव्हते.

तेव्हा आता पायाखाली ट्यूनरचे पेडल घ्यायचे असे ठरवले आहे आणि तीन आठवडे त्याच विचारात बुडालो आहे. घरात हा विषय काढण्यास मनाई झाली आहे, म्हणून सगळे तुझ्या डोक्यावर ओततो.

पेडलच का, तर ते पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकांतून, आलेला सिग्नल थेट वाचते, मंचाच्या हादऱ्याशी त्याला देणेघेणे नसते, आणि दाबताक्षणी पुढचा आवाज तोडते, त्यामुळे तार जुळवण्याचे कण्हणे कोणाला ऐकावे लागत नाही. माझ्या ॲम्पला ट्यूनरसाठी वेगळा जॅक आहे आणि तेथे काहीही जोडता येईल, पण मग पायाने आवाज बंद करण्याची सोय राहत नाही, आणि माझ्या मते अर्धे पेडल त्या सोयीसाठीच घ्यायचे असते.

प्रश्न आहे तो कोणते घ्यावे याचा. एका बाजूला बॉसचा टीयू-३: दिव्यांची ओळ, मधला दिवा लागला की झाले, अचूकता एका सेंटची (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पाचव्या तारेच्या पुष्कळ खालीपर्यंत वाचतो, आणि अंगाने असा की त्यावरून लंबू चालत गेला तरी चालेल. दुसऱ्या बाजूला पीटरसनचा स्ट्रोबोस्टॉम्प, ज्याच्या पडद्यावरचे पट्टे तार चढी असेल तर एका दिशेला सरकतात, उतरी असेल तर उलट, आणि जुळली की जागच्या जागी थिजतात. अचूकता सेंटच्या दहाव्या भागाची. (१९३६ मध्ये कॉन कंपनीने स्ट्रोबोकॉन काढला तेव्हा त्यात बारा स्वरांसाठी बारा खरोखरच्या तबकड्या फिरत असत. तुला तो घरी आणावासा वाटला असता आणि वहिनींनी तो जिन्यातच ठेवायला लावला असता.) टीसी इलेक्ट्रॉनिकचा पॉलिट्यून सगळ्या तारा एकदम छेडल्या की कोणती बेसूर आहे ते सांगतो. गिटारवाल्यांना ते वरदान असेल, पण बेसच्या पाच तारा एकदम छेडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मन स्ट्रोबकडे ओढते आणि हिशेब टीयू-३ कडे. हिशेब असा की खालच्या ई तारेवर, जिथे ४१.२ हर्ट्झ आहेत, एक सेंट म्हणजे हर्ट्झचा चाळिसावा भागसुद्धा नाही, आणि फ्रेटवर बोट जरा जोरात दाबले किंवा किंचित तिरके ओढले तरी स्वर त्याच्या कितीतरी पट हलतो. शिवाय तार जोरात छेडली की आधी चढी बोलते आणि मग खाली बसते; स्ट्रोबचे पट्टे हे सगळे प्रामाणिकपणे दाखवतात आणि मी त्यांच्यामागे खुंटी पिळत धावत राहीन. बीची एक लहर पुरी व्हायलाच ३२ मिलिसेकंद लागतात आणि अशा काही लहरी पाहिल्याशिवाय कोणतेही यंत्र बोलू शकत नाही, म्हणून घाई करून उपयोग नाही. टोन पूर्ण बंद, मानेकडचा पिकअप, अंगठ्याने हलके छेडणे, फारच अडले तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, एवढे पाळले तर टीयू-३ भरपूर झाला.

यावर तू बफरचा, म्हणजे लांब केबलमध्ये सिग्नल दुबळा होऊ नये म्हणून बसवलेल्या सर्किटचा, मुद्दा काढशील हे मला ठाऊक आहे. टीयू-३ बंद असतानाही सिग्नल त्याच्या बफरमधून जातो आणि तुझ्या धर्मात ट्रू बायपासशिवाय, म्हणजे बंद असताना सिग्नल अस्पर्श जाऊ दिल्याशिवाय, मोक्ष नाही. पण माझ्या बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आणि सिग्नलला बळ देणारा प्रीॲम्प आहे, म्हणजे बफर आधीच माझ्या पोटाशी बांधलेला आहे. आणि साध्या, बॅटरी नसलेल्या पॅसिव्ह बेसला लांब केबलमुळे वरचा आवाज मरू नये म्हणून बफर उलट हवासाच असतो. त्या रात्री गाडीत याच मुद्द्यावर तू दोन तास बोलला नाहीस. पॉलिट्यून आणि स्ट्रोबोस्टॉम्प दोन्हींत बफर ठेवायचा की नाही हे ठरवता येते, हे तुझ्या समाधानासाठी नोंदवून ठेवतो.

आणि निघालाच आहे विषय, तर जुना हिशेबही चुकता करतो. तू ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा हार्मोनिक ए तारेच्या सातव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकशी जुळवायला लावायचास आणि ही पद्धत निर्दोष आहे असे सांगायचास. ई ४१.२० चे चौपट १६४.८१ आणि ए ५५ चे तिप्पट १६५. तुझी पद्धत तारांच्या दर जोडीमागे दोन सेंट खाते, पाच तारांत मिळून आठ! आपण इतकी वर्षे आठ सेंट बेसूर होतो आणि तू पाय आपटत होतास.

खरी काळजी पेडलची नाही, हे तू एव्हाना ओळखले असशीलच. अर्धा स्वर चढलेली तार मला तिसऱ्या ओळीपर्यंत कळली नाही. मोकळी बी त्याआधी दोनदा वाजली होती आणि ती मला बरी वाटली. कान गेला असेल तर एक सेंटचे यंत्र काय आणि दहाव्या भागाचे काय, ते फक्त सुरुवातीचे सांगते. गाणे चालू असताना पट्टे कोण पाहणार? लंबू म्हणतो की त्याच्या किकपुढे खालचे काहीच ऐकू येत नाही, ते माझे एकट्याचे दुखणे नव्हे. लंबूच्या तोंडून आलेले सांत्वन कितपत धरावे, ते तू सांग.

तुझ्या बदलीचे कळले, धाकटीच्या निकालाचेही. दोघांचेही अभिनंदन, सविस्तर नंतर लिहितो. वहिनींना नमस्कार. टीयू-३ की स्ट्रोब, एका शब्दात कळव. बफरवर निबंध नको.

तुझा,
बेसूर

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी फोनवरच्या ट्यूनरने ई आणि ए काळजीपूर्वक जुळवल्या आणि तुझे ते दोन हार्मोनिक एकत्र वाजवून डोळे मिटून बसलो. १६४.८१ आणि १६५ मध्ये आवाजाच्या चढउताराची लहर यायची तर पाच सेकंदांनी एक यावी. मनात मोजत होतो. पाचाला आली.