ताईची सही मागू नकोस

चि. अभिजित यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास म्हणून मी वाढवलं नाही. भाऊबिजेला ताई येतेच आहे, त्याच मुक्कामात तिला दुय्यम निबंधकाकडे नेऊन रानातला हिस्सा सोडल्याचं हक्कसोड पत्र उरकून घेऊ, असं तू म्हणालास. मला हे मान्य नाही. कारणं सविस्तर सांगायची आहेत, म्हणून लिहायला बसलो.

ताई स्वतःच म्हणाली की मला काही नको, असं तुझं म्हणणं. म्हणाली असेल. तलाठी म्हणून नोकरीभर मी बहिणींच्या तोंडून हेच ऐकत आलो. एक प्रसंग सांगतो, गाव सांगत नाही. वडील वारले होते. भावांनी हक्कसोड नोंदवून आणलं, मी सातबाऱ्यावरची नावं बदलायचा फेरफार धरला आणि नोटिसा काढल्या. नोटिशीवर सही करायला बहिणीला चावडीत घेऊन आले. माझ्याच वयाची बाई. मांडीवर नव्या साडीची पिशवी. आल्या आल्या विचारलं, "कुठं करू सही?" मी म्हटलं, थांबा, आधी वाचून दाखवतो. थोरला भाऊ म्हणाला, "आण्णा, कशाला वाचताय, सगळं ठरलंय." ती म्हणाली, "वाचू दे की रं त्यास्नी." मी गट नंबर वाचला, क्षेत्र वाचलं, तिच्या वाट्याला किती येतं ते सांगितलं. विहिरीखालची बागायत होती, वर्षाआड ऊस. ती म्हणाली, "एवढी हाय व्हय माझी?" आणि सही केली. पंधरा दिवसांत तक्रार करता येते, तेही मी समजावलं. त्यावर तिनं भावांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "मला म्हायेरला यायचं हाय, आण्णा."

नोंद कायद्यानं चोख होती. पण ती राजीखुशीची होती, असं मी कधीही म्हणणार नाही. माहेर तुटेल या धाकानं बायका सही करतात. आजारपणात, बाळंतपणात, नवऱ्यानं टाकलं तर उभं राहायला तेवढी एकच जागा असते, ती जाऊ नये म्हणून करतात. आपली ताई शिकलेली आहे, नोकरी करते, पण हा धाक तिलाही आहेच. तू कागद पुढे केलास की ती हसत सही करेल आणि तिच्या मनात काय आहे ते तुला कधीच कळणार नाही.

आता कायदा. १९५६ च्या वारसा कायद्यापासूनच बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र ती जन्मानं हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ साली तो हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. पुढे केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि लग्नाची अट गेली. तरी बाप त्या दिवशी हयात होता की नव्हता यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तोही प्रश्न मिटवला. मुलीचा हक्क जन्मानं आहे, बाप हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे आपल्या रानात जेवढा तू तेवढीच ताई. तिला आपण काही "देणार" नाही आहोत, ते तिचं आहेच.

तू लग्नाच्या खर्चाचं काढलंस, ते मला फार लागलं. तो खर्च मी केला, माझ्या हौसेनं केला. मांडववाला, आचारी, बँडवाला यांच्या हातात पैसे गेले, ताईच्या हातात त्यातलं काय आलं? आणि आपण कुठल्या मुलखातले आहोत याचा तरी विचार कर. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच कुंडलच्या पट्ट्यात कमी खर्चाची गांधी-लग्नं लावली. आज आपण कर्ज काढून जेवणावळी घालतो आणि त्याचं बिल वीस वर्षांनी बहिणीच्या नावानं फाडतो. मला याची चीड येते.

तुकडे पडतील, हेही तू बोललास. तुला आणखी दोन भाऊ असते तर हा मुद्दा निघाला असता का? भावांची वाटणी होताना तुकड्यांची काळजी करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. शिवाय नाव लागलं म्हणजे लगेच बांध पडतो असंही नाही. सामाईक खातं ठेवता येतं, एकानं कसायचं आणि उत्पन्न वाटून घ्यायचं. आपल्या घरात हे चालू आहे, तू कधी लक्ष दिलं नाहीस इतकंच. आजोबा गेल्यावर वारस नोंदीत आत्याचं नाव लागलं ते आजही आहे. उसाचं बिल आलं की तिचा वाटा तिला जातो. तिचे यजमान, तुझे मामा, अंथरुणाला खिळले तेव्हा तिनं कुणापुढे हात पसरला नाही. आणि आत्या आपल्याकडे यायची थांबली का? उलट हक्कानं येते, चार दिवस राहते, विहिरीच्या मोटरीवरून मला बोलतेसुद्धा.

नाव नसलं की काय होतं ते मी २०१९ च्या महापुरात पाहिलं. इर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, भिलवडीच्या बाजूची उभी पिकं कुजून गेली. पंचनाम्याला मी ओळखीच्यांच्या मदतीला जात होतो. नवऱ्यानं टाकलेली एक बाई, बारा-तेरा वर्षं बापाचं रान एकटी राबत होती. सातबारा भावाच्या नावावर. भरपाई त्याच्या खात्यात जमा झाली, तो मुंबईत. तिनं चिखल उपसला आणि हाताला काही लागलं नाही. पीककर्ज घ्या, पीएम किसानचे वर्षाला सहा हजार घ्या, सगळीकडे आधी उतारा बघतात.

साताऱ्यात २०११ साली 'नकुशा' नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली, ते तुला आठवत असेल. चांगलं काम झालं. त्या पोरी आता लग्नाच्या वयाच्या झाल्या. त्यांच्या बापांनी नाव बदललं, पण उताऱ्यावर नाव लावतील का, हा प्रश्न मला पडतो. मुलगी नको वाटण्यामागे रान परक्या घरी जाईल ही भीती मोठी आहे आणि ती अशा सह्यांनीच जिवंत राहते.

आणखी एक. गेल्या वर्षी सूनबाईच्या भावांनी तिची सही घेतली तेव्हा तू माझ्यापाशी किती तडफडला होतास. "निदान तिला बसवून विचारायचं तरी," हे तुझे शब्द. तिच्यासाठी तुला जे वाटलं ते ताईसाठीही वाटू दे.

ताईला खरोखरच रान नको असेल तर तिनं स्वतःहून म्हणावं. आजचा भाव काय, हिस्सा किती, हे सगळं समजून, दाजींशी आणि स्वतःच्या वकिलाशी बोलून, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी म्हणावं. तेव्हा मी आडवा येणार नाही. भाऊबिजेचं ताट हातात असताना मात्र हा विषय माझ्या घरात निघायचा नाही.

मी असं ठरवलंय. माझे हातपाय चालताहेत तोवर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीनं वाटपाचा अर्ज करायचा. आत्याचा वाटा तिचा तिला, उरलेल्यात हिस्सेदार म्हणून मी, तू आणि ताई सारखे. तुझ्या आईचं नाव मी लक्ष्मीमुक्तीच्या वेळीच माझ्या नावासोबत लावलंय. बायकोचं नाव जमिनीला लावा, अशी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हाक दिली होती, १९९२ साली सरकारनंही ती योजना केली, तेव्हा गावात लोक मला नावं ठेवत होते. माझ्या वाट्यात तिचं नाव तसंच राहील. विहीर सामाईक ठेवू, पाण्याच्या पाळ्या लिहून घेऊ, म्हणजे मागे भांडण नको. ओढ्याकडचा तुकडा कुणाला हे तुम्ही दोघं बसून ठरवा, मी मध्ये पडणार नाही.

तुला राग आला असेल तर इथं येऊन माझ्यावर काढ, ताईला फोन करू नकोस. तिला मी काल सगळं सांगितलंय. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, अभि काय म्हणतोय? मी म्हटलं, तो माझा मुलगा आहे, समजून घेईल.

येताना आधार कार्डाची प्रत आण, अर्जाला लागेल. आईच्या गुडघ्याचं तेल संपलंय, तेही घेऊन ये. सूनबाईला आणि छोटीला आशीर्वाद.

तुझे अण्णा
विश्रामबाग, सांगली