कुत्र्याच्या वर्गणीचे हजार रुपये

इंदिरानगर, नाशिक

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, त्यांना राग येईल असं काही आलं तर ते तर मुळीच नको. फोनवर हा विषय निघाला की ते "बरं, पाऊस काय म्हणतो तिकडे?" असं विचारून मोकळे होतात. पत्राला तसं करता येत नाही.

बाबा, गणपतीत आमच्या मंडळानं काढलेल्या वर्गणीत आईनं तुमच्या नावानं हजार रुपये भरले. त्यावर तुम्ही म्हणालात, "कुत्र्याला हजार? आपला खळ्यावरचा तर शिळ्या भाकरीवर राखण करतो." लिहितेय ते त्याच हजाराबद्दल. यंदा मंडळाची खजिनदार मी आहे, पावतीवर सही माझी आहे, आणि ज्या कामासाठी पैसे घेतले ते काम आता होणार नाही. म्हणून प्रत्येक देणगीदाराला विचारतोय: पैसे परत हवेत, की दुसऱ्या कामाला लावले तर चालतील? तुम्हालाही रीतसर विचारते.

आमच्या तळमजल्यावरचे सर तुम्हाला आठवत असतील. बँकेत आहेत, जन्मापासून दिसत नाही. पांढरी काठी घेऊन सिटीलिंकच्या बसनं शरणपूर रोडला जातात-येतात. सिंहस्थाच्या कामांनी सध्या सगळं शहर खणून ठेवलंय. तशाच एका चरात सरांचा पाय गेला आणि हाताला प्लास्टर आलं. मंडळातली पोरं हळहळली. कुणीतरी मोबाइलवर अमेरिकेतल्या लॅब्रॅडॉरचा व्हिडिओ दाखवला, आंधळ्या माणसाला भर गर्दीतून नेणारा. झालं! यंदा डीजे बंद, सरांना कुत्रा. मंडळाची नोंदणी नाही, म्हणून धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ कची परवानगी काढली, पावतीपुस्तकं छापली, त्यावर लॅब्रॅडॉरचा फोटो. आयुष्यात कधी पन्नासच्या वर न गेलेली माणसं पाचशे देऊन गेली. चौकातल्या मिसळवाल्यानं एका रविवारचा सगळा गल्ला दिला. सरांना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांना म्हणे आरतीच्या वेळी सरप्राइज द्यायचं होतं.

सरांनी ते सरप्राइज शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मांडवात बसवलं. म्हणाले, कुत्रा मला आवडेल, पण तो दुकानात मिळत नाही. त्याची शाळा लागते. पहिली शाळा जर्मनीत निघाली, १९१६ साली, पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. अमेरिकेतली १९२९ ची. तिच्या आदल्या वर्षी मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण स्वित्झर्लंडहून बडी नावाची कुत्री शिकून-शिकवून घेऊन आला आणि न्यूयॉर्कच्या वेस्ट स्ट्रीटसारखा वाहता रस्ता वार्ताहरांच्या देखत ओलांडून दाखवला. पिल्लू वर्षभर एखाद्या घरात वाढतं, मग काही महिने शाळेत शिकतं, मग माणूस तिथं जाऊन राहतो आणि दोघं मिळून शिकतात. एका जोडीमागे हजारो डॉलर खर्च होतात. तरी ती अमेरिकन शाळा पहिल्या कुत्र्याचे माणसाकडून घेते १५० डॉलर, तेही कित्येक दशकं तेवढेच. बाकीचं लोकांच्या देणग्यांतून. पण ती कुत्रे देते अमेरिका-कॅनडातल्याच लोकांना. आपल्याकडे असल्या शाळा रुजलेल्याच नाहीत.

आई, तुला आवडेल अशी एक गोष्टही त्यांनी सांगितली. १९६४ साली इंग्लंडात बीबीसीवरच्या मुलांच्या एका कार्यक्रमानं दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणं गोळा करायला सांगितलं, आणि ती भंगारात विकून मार्गदर्शक कुत्र्यांसाठी पैसे उभे केले. तू दुधाच्या पिशव्या धुऊन साठवतेस तेव्हा आता कुणी हसायचं नाही.

बाबा, मला नवीन कळलं ते असं, की कुत्र्याला सिग्नल कळत नाही. कुठं जायचं, कुठं वळायचं, रस्ता कधी ओलांडायचा, हे सगळं माणूस ठरवतो, गाड्यांच्या आवाजावरून. कुत्रा अडथळ्याला वळसा घालतो, पायरीपाशी थांबतो, आणि अंगावर गाडी येत असेल तर हुकूम मोडतो. तुम्ही एसटीत कंडक्टर असताना गाडी सोडायची डबल बेल दिली तरी समोर माणूस आला तर ड्रायव्हर गाडी काढत नसे, तसं. म्हणजे ज्याला काठीनं एकट्यानं हिंडता येतं त्यालाच कुत्र्याचा उपयोग. आधी काठी. आणि आमच्या गल्लीतल्या भटक्या टोळीपुढे त्या बिचाऱ्या लॅब्रॅडॉरचं काय झालं असतं, हा प्रश्न मिसळवाल्याचा. मला तो सगळ्यांत शहाणा वाटला.

शेवटी सरांनीच सुचवलं: ही रक्कम नव्यानं नजर गेलेल्यांना काठ्या द्यायला आणि काठीनं चालायचं शिकवायला वापरा. सातपूरच्या नॅबशी, म्हणजे अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी, बोलून बघू म्हणाले. ठराव झाला. पण परवानगीत आणि पावतीवर उद्देश कुत्र्याचा लिहिलेला, म्हणून ही संमतीची चिठ्ठी. आणि बाबा, काय सांगू, काठीचं नाव काढल्याबरोबर पैसे परत मागणारे निघाले. एकजण म्हणाला, "काठीत काय आहे?" लॅब्रॅडॉरच्या फोटोला लोक जे देतात ते ॲल्युमिनियमच्या नळीला देत नाहीत. मी रागावले नाही, मुकाट्यानं परत केले. हिशोब हिशोबाच्या जागी. पण त्या घरांतून पुढच्या वर्षी वर्गणी मागायला मी जाणार नाही.

आता तुम्हाला राग येईल तो भाग. आई, थांबू नकोस.

दिवाळीत बाबा ओट्यावरून पडले, तेव्हा तू चक्कर आली म्हणालीस. चक्कर नव्हती. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपलं ठीक चाललंय. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालायचे ते उरलेली टिकावी म्हणून. आईबापांना काचबिंदू असेल तर मुलांनाही धोका जास्त, म्हणून मी माझ्या डोळ्यांचा दाब तपासून घेतला. सध्या ठीक आहे. आणि बाबा, तुम्ही भर उन्हाळ्यात मिटलेली छत्री घेऊन येवल्याच्या स्टँडवर जाता, ते कशासाठी हे मला माहीत आहे. चौकशी खिडकीवरच्या पोरांनाही माहीत असणार. छत्रीनं पायरी सापडते, पण समोरच्या मोटारसायकलवाल्याला काही कळत नाही. पांढरी काठी त्याला लांबून सांगते. काठीची सवलत घेणाऱ्या किती प्रवाशांना तुम्ही हात धरून गाडीत चढवलंय. त्यांच्याबद्दल घरी येऊन कधी वाईट बोललेलं मला आठवत नाही.

सरांनी तुमची उंची विचारून घेतली. काठी छातीच्या हाडापर्यंत यावी लागते. घडीची आहे, पिशवीत मावते. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे, उजवा पडतो तेव्हा डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल पडायच्या आधी ती जागा तपासलेली असते. एवढं मला जमलं, अंगणात चालून पाहिलं. बाकीचं सर शिकवतील. ते म्हणाले, चार दिवस नाशिकला पाठवा त्यांना, कंडक्टर माणूस, मला जुन्या गाड्यांबद्दल विचारायचंच आहे.

मी रविवारी येतेय, काठी घेऊन. डोळ्यांचे थेंब संपत आले असतील तर आईनं शनिवारपर्यंत नाव कळवावं, इथून आणते. सोबतच्या चिठ्ठीवर 'परत' किंवा 'चालेल' यांपैकी एकावर खूण करून सही करायची आहे. सही तुमचीच हवी बाबा, आईची चालणार नाही. हिशोब तपासणारे फार कटकटे आहेत. परत हवे असतील तर हजार रुपये रोख देईन, फक्त मूळ पावती दाखवावी लागेल. ती तुम्ही पंचांगात ठेवलीय, आईनं मला सांगितलंय.

तुमची,
मनू