नंबर एक, पिस्तुलं अनेक

महोदय,

वारशाने आलेल्या जर्मन पिस्तुलाचा इतिहास शोधणारे बहुतेक जण सिरियल नंबर घेऊन बसतात आणि तिथेच फसतात. जर्मन सैन्यासाठी बनलेल्या लुगर पी०८ या पिस्तुलाचे लष्करी नंबर दरवर्षी १ पासून सुरू होत. दहा हजार भरले की पुन्हा १, मात्र सोबत 'ए' अक्षर, मग 'बी', असं पुढे. त्यामुळे एकाच आकड्याची कितीतरी पिस्तुलं निघतात. कारखाना, साल, आकडा आणि फ्रेमच्या पुढच्या बाजूला आकड्याखाली असलेलं वळणदार अक्षर, हे चारही हवेत.

आधी मॅगझिन काढा, टॉगल (पिस्तुलाच्या वरचा, गुडघ्यासारखा दुमडणारा भाग) वर ओढा आणि चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामी आहे ना हे डोळ्यांनी पाहा. मग ठसे वाचा. साल चेंबरवर असतं. 'के' म्हणजे १९३४, 'जी' म्हणजे १९३५. कारखान्याची खूण टॉगलवर असते: 'एस/४२', '४२' आणि 'बीवायएफ' या तिन्ही माउझर या जर्मन शस्त्र कंपनीच्याच. चेंबरवर १९१७ आणि १९२० अशी दोन सालं दिसली, तर १९२० हा पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन सैन्याचा मालकीचा शिक्का समजावा. सेफ्टीजवळचं 'गेझिशर्ट' हे कुणा कारागिराचं नाव नव्हे, त्याचा अर्थ 'सुरक्षित'. नळीखालचा '८,८२' हा नळीच्या आतला व्यास आहे, मिलिमीटरमध्ये.

लष्करी पिस्तुलाच्या लहान भागांवर नंबराचे शेवटचे दोन आकडे असतात. एखादा जुळला नाही तर तो भाग बदललेला आहे. बरेच जुळत नसतील तर पिस्तूल जोडतोडीचं.

पॉलिश मात्र अजिबात करू नका! माउझरने १९३७ मध्ये निळाईची (पोलादावर चढवलेल्या निळसर-काळ्या थराची) पद्धत बदलली, म्हणजे मूळ रंगही पुरावाच. पुन्हा निळाई चढवली की ठशांच्या कडा बोथट होतात आणि खरा-खोटा शिक्का ओळखणं अवघड जातं. मऊ कापड आणि थोडं तेल पुरे. फोटो काढताना प्रकाश तिरका पाडा, पुसट ठसे उठून दिसतात.

पिस्तूल कुणाच्या कमरेला होतं, हे नंबरावरून सहसा कळत नाही. प्रशियन सैन्याची बरीच कागदपत्रं बर्लिनजवळच्या पोट्सडाममध्ये एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नोंदी जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्ह या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत, पण तिथे सैनिकाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख घेऊन जावं लागतं. अमेरिकन सैनिकाने पिस्तूल युद्धातून घरी आणलं असेल, तर अधिकाऱ्याच्या सहीचा परवानगीचा कागद शोधा. त्यावर कधीकधी पिस्तुलाचा नंबरही लिहिलेला असतो.

आपला,
एक वाचक