ओट्यावरची अंगणवाडी आणि कलम 45

मा. संसदीय कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

आमच्या गावची अंगणवाडी समाजमंदिराच्या ओट्यावर भरते. पावसाची सर आली की सेविकाताई आधी वजनकाटा आणि रजिस्टर आत नेतात, मग एकेका पोराला घरी पोचवतात. सहा वर्षांखालच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण यांसाठी राज्य झटेल, असं संविधानाचं कलम 45 सांगतं. पण हे निदेशक तत्त्व, म्हणजे कारभार कसा करावा याची संविधानाने सरकारला दिलेली सूचना. कलम 37 प्रमाणे ते बजावून घ्यायला कोर्टात जाता येत नाही.

ही रचना कुठून आली, हे बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत सांगितलं होतं. 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली ब्रिटिश सरकार गव्हर्नरांना सूचनापत्र द्यायचं. निदेशक तत्त्वं म्हणजे त्याचंच दुसरं नाव. फरक इतकाच की इथे सूचना कायदेमंडळाला आणि कार्यकारी मंडळाला आहेत. गव्हर्नरने सूचना मोडली म्हणून त्याच्या कृतीला तेव्हाही कोर्टात आव्हान देता येत नव्हतं. मात्र त्याला जाब विचारणारं लंडन होतं. आता ते लंडन म्हणजे आम्ही मतदार. सत्ताधाऱ्यांना या तत्त्वांबद्दल निवडणुकीत मतदारांपुढे उत्तर द्यावं लागेल, हेही बाबासाहेबांनी त्याच भाषणात बजावलं.

साहेब, उत्तर मागायचं तर हिशेब हातात हवा, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे. मूळ कलम 45 मध्ये, म्हणजे ते बदलून आजचं होण्याआधी, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत होती. ती 1960 मध्ये सरली. शिक्षणहक्क कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी! मधल्या पन्नास वर्षांत किती पिढ्या शेळ्यांमागे आणि ऊसतोडीच्या फडात गेल्या, याचा विचार केला की जीव कळवळतो.

म्हणून विनंती आहे: दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात प्रत्येक निदेशक तत्त्वाखाली वर्षभरात काय झालं, किती खर्च झाला आणि काय राहिलं, याचं निवेदन दोन्ही सभागृहांपुढे ठेवावं. ते मराठीत असावं, जिल्हावार असावं आणि ग्रामसभेत वाचलं जावं. याला घटनादुरुस्ती लागत नाही; सरकारने मनावर घेतलं की पुरे.

पहिल्या निवेदनात स्वतःची इमारत नसलेल्या अंगणवाड्यांची गाववार यादी जोडावी. आमच्या गावचं नाव त्यात असेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक