एक काना जास्त

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे पाश्चात्त्य पॉप संगीतातल्या नव्या गायिकांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात चॅपल रोन या अमेरिकी गायिकेच्या 'गुड लक, बेब!' या २०२४ सालच्या गाण्याचा मराठी भावानुवाद दिला होता. लेख रसाळ होता आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या गायिकेला सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचे ग्रॅमी पारितोषिक मिळाल्याची नोंदही त्यात होती; परंतु हे गाणे ज्या व्यक्तीला उद्देशून म्हटले आहे, ती व्यक्ती अनुवादात पुरुष झाली होती. 'तू नाकारतोस', 'तू पळतोस' अशा ओळींमुळे सगळे गाणे एका मुलीने दगाबाज प्रियकराविरुद्ध केलेली तक्रार वाटत होते.

मूळ गाण्यातली 'तू' मुलगी आहे. गाणाऱ्या मुलीवर तिचे मन जडले आहे, पण ते ती स्वतःशीही कबूल करत नाही. चार मुलांबरोबर फिरून ती ते विसरू पाहते, आणि गाणारी तिला बजावते की एखाद्या मध्यरात्री तुला जाग येईल तेव्हा तू कुणाची तरी बायको, एवढीच उरलेली असशील. 'तू'ला पुरुष केल्यावर ही जागा अनुवादात बसणारच नव्हती, म्हणून ती गाळलेली दिसते. वर लेखाच्या शेवटी, या गायिका आपले वेगळेपण धीटपणे मांडतात, असे कौतुक आहेच. म्हणजे कौतुक छापले आणि वेगळेपण गाळले, असा हा प्रकार झाला.

मी तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. माझी एकोणीस वर्षांची भाची शिक्षणासाठी माझ्याकडे राहते. त्या रविवारी सकाळच्या चहाबरोबर तिने पुरवणी वाचली, काही बोलली नाही, आणि माझ्या जुन्या लाल पेन्सिलीने 'नाकारतोस'मधला काना खोडला. 'तो'मधला काना काढला की 'ते' उरते, आणखी काही करावे लागत नाही. मग तिने पुढचा खोडला, मग त्याच्या पुढचा. असे सात काने खोडून झाल्यावर पान माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "मावशी, आता वाच."

या सात कान्यांसाठी आपल्याला पत्र लिहिण्याचे कारण असे की इंग्रजी पॉप संगीतात हा प्रश्न फार जुना आहे. इंग्रजीतल्या 'यू'ला लिंग नाही आणि तिथले क्रियापदही बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. आपल्याकडे 'मी गेले' म्हटले की बोलणारी बाई आहे हे दुसऱ्याच शब्दाला कळते. ज्या गायिकांचे प्रेम स्त्रीवर होते, त्यांना या 'यू'चा आडोसा कित्येक दशके पुरला. गाणे रेडिओवर लागे, ऐकणारे आपापल्या समजुतीने त्या 'यू'च्या जागी एखादा तरुण बसवत, आणि गायिकेला खोटेही बोलावे लागत नसे.

आडोसा न घेणाऱ्याही होत्या. मा रेनी या ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची सुखदुःखे सांगणारी गाणी, गाणाऱ्या कृष्णवर्णीय गायिकेने १९२८ साली स्वतः लिहिलेले 'प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. काल रात्री मी माझ्या घोळक्याबरोबर बाहेर होते, त्या सगळ्या बायकाच असणार, कारण पुरुष मला आवडत नाहीत, असे त्यात त्या सरळ म्हणतात, आणि लोक काय वाटेल ते म्हणोत, ते सिद्ध करून दाखवा, असे वर आव्हान देतात. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने त्याची जाहिरातही तशीच केली: कोट, टाय आणि पुरुषी हॅट घातलेल्या मा रेनी दोन तरुणींशी बोलत उभ्या आहेत आणि मागून पोलीस पाहतो आहे. ज्यांना वाटते की हे सगळे आजकालच्या मुलींचे फॅड आहे, त्यांनी हे साल लक्षात घ्यावे.

त्यानंतरच्या काळात मात्र पडदा जाड झाला. अमेरिकी गायिका लेस्ली गोर यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९६३ साली 'इट्स माय पार्टी' हे त्यांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. त्या गाण्यात जॉनी आहे, त्याला घेऊन जाणारी जूडी आहे. नावे घातली की सर्वनामाची भानगडच उरत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांचे 'यू डोन्ट ओन मी' आले आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. वरच्या जागेवर तेव्हा बीटल्स होते. मी तुझ्या मालकीची नाही, असे सांगणारे हे गाणे दोन पुरुषांनी लिहिले होते, ही गंमत वेगळीच. पुढे ते स्त्री-चळवळीचे गाणे झाले. ते गाणारी मुलगी स्वतः समलिंगी आहे, हे तिने जाहीरपणे सांगितले ते २००५ साली, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. २०१५ मध्ये त्या गेल्या. मधल्या चार दशकांत ते गाणे गुणगुणणाऱ्या किती मुलींना आपल्यासारखीच कुणीतरी हे गाते आहे, एवढा दिलासा मिळू शकला असता, हा विचार मला अस्वस्थ करतो.

ही कोंडी फुटली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. कॅनडाच्या के. डी. लँग यांनी जून १९९२ मध्ये एका मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. (त्या आपले नाव इंग्रजीत लहान अक्षरांतच लिहितात, देवनागरीत तो हट्ट पुरवता येत नाही.) त्याच वर्षीच्या त्यांच्या 'कॉन्स्टंट क्रेव्हिंग' या गाण्यात 'तो'ही नाही आणि 'ती'ही नाही, केवळ न शमणारी ओढ आहे. त्याला १९९३ साली ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'व्हॅनिटी फेअर'च्या मुखपृष्ठावर त्या न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या आणि सिंडी क्रॉफर्ड ही मॉडेल त्यांची दाढी करते आहे, असे छायाचित्र झळकले.

कॅन्सस राज्यातल्या मेलिसा एथरिज यांनी सुरुवातीच्या गाण्यांत 'यू'चा आडोसा जाणूनबुजून सांभाळला होता. जानेवारी १९९३ मध्ये, अध्यक्ष क्लिंटन यांच्या शपथविधीच्या सोहळ्यांच्या दिवसांत, वॉशिंग्टनमधल्या एका मेजवानीत त्यांनी भर सभेत आपली ओळख सांगून टाकली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये त्यांचा 'येस आय अ‍ॅम' हा अल्बम आला. उघड बोलणारी गायिका बाजारातून उठते, असा कंपन्यांचा समज होता; या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत साठ लाखांहून अधिक प्रती गेल्या. त्यातल्या 'कम टू माय विंडो'ला पुढे ग्रॅमीही मिळाले. वर्गात शिकवत असते तर हे गाणे मी अनुवादाला दिले असते. 'माझ्या खिडकीशी ये' यातल्या 'ये'ला लिंग नाही. आज्ञार्थाला ते नसतेच, भविष्यकाळालाही नसते: 'तू येशील' हे मुलाला म्हणता येते तसे मुलीलाही. थोडक्यात, आपल्या अनुवादकाला खात्री नव्हती तर मराठीतही लपायला दोन कोपरे होते. त्यांनी पुरुष निवडला, कारण दुसरा विचार मनात आलाच नसावा.

आताच्या मुली हा विचार आधी करतात. नॉर्वेची मारी उल्वेन 'गर्ल इन रेड' या नावाने गाते. २०१८ च्या सुमारास घरीच ध्वनिमुद्रित केलेली तिची गाणी इंटरनेटवरून पसरली आणि त्यांत मुलगी मुलीवर प्रेम करते हे कुठेही झाकलेले नाही. 'तू गर्ल इन रेड ऐकतेस का?' हा प्रश्न जगभरातल्या मुलींमध्ये सांकेतिक खूण झाला. विचारणारीला गाण्यापलीकडचे काही विचारायचे असते, आणि उत्तर देणारीला नुसते 'हो' म्हणून पुष्कळ सांगता येते किंवा 'नाही' म्हणून सहज सुटता येते. मला हे भाचीने समजावून सांगितले. ती 'क्वीअर' हा शब्द अगदी सहज वापरते, माझ्या लेखणीला 'समलिंगी'ची सवय आहे. तिने स्वतःविषयी मला काही सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.

आपले काही वाचक म्हणतील की गाणे ऐकावे, गाणारीचे खासगी आयुष्य कशाला उकरावे. हा आक्षेप मी समजू शकते, गायक-गायिकांच्या लग्नांच्या बातम्या मीही वाचत नाही. परंतु इथे 'तू' कोण हे गाण्याच्या आतच आहे, त्यासाठी कुणाच्या घरात डोकावावे लागत नाही. शिवाय गाणाऱ्याचे लिंग आणि गाण्यातले लिंग यांचा मेळ लावत बसण्याचा हट्ट मराठी कानांना मुळात नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलते ती विरहिणी स्त्री आहे, म्हणून 'घनु वाजे घुणघुणा'ची क्रियापदे कुणी दुरुस्त करायला गेले नाही. सात शतके ज्यांना हे ऐकता आले, त्यांना एका मुलीने मुलीला म्हटलेले 'नाकारतेस' ऐकवेल, इतका विश्वास पुरवणीच्या संपादकांनी वाचकांवर ठेवायला हरकत नव्हती.

तरी येत्या एखाद्या रविवारी हा अनुवाद दुरुस्त करून, गाळलेल्या जागेसह, पुन्हा छापावा अशी विनंती आहे. भाचीने तपासलेले पान सोबत जोडले आहे. ते तिला परत हवे आहे, म्हणून तिकीट लावलेले पाकीटही ठेवले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा